पंखा फिरतोय, ग्राइंडर बंद

होळीची राख अजून चौकात असते आणि मागच्या शेडमधून ग्राइंडरची पहिली किंकाळी येते. जळगावात, निदान आमच्या घरी, उन्हाळा असा येतो. कोकिळा, आंब्याचा मोहोर वगैरे आमच्याकडेही आहे, पण ते बघायला सवड कुणाला? घराला लागूनच कूलर बनवायचं शेड. होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वर्षभराचं काम उरकायचं असतं. पत्रा कापायचा, कडा घासायच्या, भोकं पाडायची, वेल्डिंग करायचं, रंग मारायचा. शेवटी वाळ्याच्या ताट्या बसवून पाणी सोडलं की शेडमधून असा काही ओला गार वास येतो, की दोन महिन्यांचा तो कर्कश आवाज माणूस माफ करून टाकतो. अर्थात पुढचा पत्रा कापायला घेईपर्यंतच.

यंदा ती पहिली किंकाळी आली तेव्हा मी कणीक मळत होते. हात थांबला आणि मान आपोआप वर गेली, पंख्याकडे. पंखा फिरत होता. ग्राइंडर ओरडत होता. म्हणजे सगळं ठीक. मी परत कणीक मळायला लागले. ही माझी जुनी खोड आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, बाईंना मानेचा काहीतरी त्रास दिसतोय.

हिशेब सोपा आहे. ग्राइंडर थांबला की मी पंखा बघते. पंखाही थांबत असेल तर लाईट गेली; आमच्याकडे उन्हाळ्यात ती जातेच, तिला बोलून उपयोग नाही. पण पंखा फिरतोय आणि ग्राइंडर बंद, असं झालं की मी मनात मोजायला लागते. माणूस मध्येच पाणी पितो, पट्टी लावून माप घेतो, पत्रा उलटा करतो, हे मला कळतं. तरी मोजते. वीस-पंचवीसपर्यंत आवाज परत आला नाही, तर उठते. कधी हातात लाटणं असतं, कधी पायात चप्पल नसते. शेडच्या दारात उभी राहून विचारते, "चहा ठेवू का?"

आमचे हे मान वर न करता म्हणतात, "कितला चहा पाजशी?"

दोन हात, दहा बोटं आणि एक डोळा जागेवर आहेत, एवढं बघून मी परत येते. एक डोळा म्हणते, कारण यांना दुसरा नाही. म्हणजे आहे, दिसायला आहे. पण डाव्या डोळ्याने त्यांना उजेड आणि सावली याखेरीज काही कळत नाही. मनगटं दुखायला लागली तरी हे जे काम करतात, पत्र्यावरची खडूची बारीक रेघ बघतात, रोज पेपर वाचतात, माझ्या चुका काढतात, ते सगळं एकट्या उजव्या डोळ्याच्या भरवशावर.

डाव्याचं काय झालं, ते शेडांच्या आमच्या सगळ्या ओळीला माहीत आहे. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. घासताना लोखंडाचा कण डोळ्यात गेला. असे कण जातातच, आणि ते काढणारा एक माणूस प्रत्येक ओळीत असतो. आमच्या ओळीतला म्हणजे शेजारच्या शेडमधले हिरामणभाऊ. गेट-ग्रिलचं वेल्डिंग करतात. सोन्यासारखा माणूस. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, समोरच्याची पापणी बोटाने उलटवायची आणि कण अलगद टिपून घ्यायचा. त्यांचा हात इतका हलका, की लांबलांबच्या शेडमधून लोक यायचे. यांचाही कण त्यांनी काढला. निघाला. सगळ्यांनी वाहवा केली, चहा झाला, हे परत कामाला लागले. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. मग आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि ते फार रागावले. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी शाळेत धडा पाठ करावा तशी पाठ केली. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, काढायला जायचं नाही, वर काहीतरी पोकळ झाकण धरायचं आणि आहे तसं इकडे आणायचं.

हिरामणभाऊंना कुणी काही बोललं नाही. यांनी तर मुळीच नाही. कण काढणं ओळीत तसंच चालू राहिलं.

माझं माहेर सावद्याचं. केळीच्या बागांत वाढलेली मुलगी मी; तिथे सगळ्यात धारदार वस्तू म्हणजे घड कापायचा विळा, आणि तो आपण हलवला तरच हलतो. यांचं गाव शिंदखेड्याकडचं, बोलणं अहिराणी. लग्नानंतर वर्षभर मला यांचं अर्धं बोलणं कळायचं नाही. आता बोललेलं सगळं कळतं आणि न बोललेलं बरंचसं. पण मशीनच्या बाबतीत हे एकच वाक्य बोलत आले, आणि ते कुठल्याही बोलीत कळण्यासारखं आहे. "काही व्हत नही."

ग्राइंडरला चकतीवर एक अर्धगोल लोखंडी झाकण येतं, गार्ड म्हणतात त्याला. चकती फुटली तर तुकडे माणसाकडे येऊ नयेत म्हणून. ते गार्ड आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं असायचं. का? तर कूलरच्या आतल्या कोपऱ्यात ते आडवं येतं. काही व्हत नही. डोक्याला आणि तोंडाला ओला गमछा, कारण पत्र्याखालचा उन्हाळा. त्याची दोन्ही टोकं छातीवर लोंबती, फिरत्या ड्रिलपासून वीतभर अंतरावर. काही व्हत नही. कूलरमध्ये पाणी सोडून बघायचं तेव्हा खाली ओली फरशी, पायात स्लीपर, आणि पिनऐवजी वायरची दोन उघडी टोकं बोर्डात खोचलेली. काही व्हत नही. आणि खरंच काही होत नाही, हीच तर पंचाईत आहे. शंभर वेळा होत नाही. माणसाला वाटतं आपण जिंकलो.

गमछ्याचा निकाल मी लावला. यांचे चार गमछे घेतले, टोकं कापली आणि शिवून टोप्या केल्या, मागे मान झाकणाऱ्या, पुढे काही न लोंबणाऱ्या. दोन दिवस अबोला होता. मग घातल्या. चष्म्याला मात्र तीन उन्हाळे लागले. हार्डवेअरच्या दुकानात मी स्वतः गेले. दुकानाचे शेठ मारवाडी, यांचे जुने दोस्त. चष्मा काउंटरवर ठेवत म्हणाले, "भाभी, घेऊन जा, पण भाऊ घालणार नाही. लिहून देतो."

भाऊंनी खरंच घातला नाही. "हाऊ चष्मा लाईसन काय लगीनमा मिरवू का मी?" असं म्हणाले. मग म्हणाले, घामाने धुकं धरतं. धुकं धरतं हे खरं होतं. मी परत शेठकडे गेले आणि बाजूला भोकं असलेला आणला. मग म्हणाले, कानाला टोचतो. मग मी रडले. ठरवून नाही, खरंच रडू आलं. म्हटलं, "अहो, तुम्हाला एकच आहे. एकच. तो गेला तर तुम्हाला काही दिसणार नाही आणि मला फक्त तुमचं न दिसणं दिसत राहील." त्या दिवशी यांनी चष्मा घातला, तो त्या मोसमात घातलेलाच राहिला.

आपण किती चमत्कारिक माणसं आहोत. दसऱ्याला हेच ग्राइंडर, हेच ड्रिल मी स्वच्छ पुसते, पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते. हे हात जोडतात. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, तिला विश्रांती. मशीनमध्ये देव आहे, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तिची पिन बोर्डातून काढून ठेवावी, एवढं मात्र उरलेल्या दिवसांत कुणाला सुचत नाही.

मला तरी कुठे सुचलं?

तो उन्हाळा सांगायचा म्हणून हे सगळं सांगत बसले, आणि आता तिथे आले तर हात जड झाला आहे. माझी शाळेची नोकरी त्याच वर्षी संपली होती. घरी बसायची सवय नाही, म्हणून मी झपाटल्यासारखी पापड, कुरडया, सांडगे घालत सुटले होते. दिवसातला बराच वेळ गच्चीवर. आमच्याकडे नळाला पाणी दोन-तीन दिवसांनी येतं, तेही दुपारच्या आधी थोडा वेळ. ते खालच्या हौदात पडतं, हौद एवढासा, आणि मोटर लावून लगेच वर चढवलं नाही तर वाहून जातं. नेमकी त्याच वेळेला लाईट जायची. गेली की केव्हा आली ते गच्चीवर कळायचं नाही. मी दर पाच मिनिटांनी जिना उतरून बघायची, गुडघ्यांचे हाल.

शेडमध्ये मात्र लाईट आलेली लगेच कळते. कारण आमच्या ओळीतल्या सगळ्या कारागिरांची एक पद्धत आहे. ग्राइंडरच्या बटनाला एक खटका असतो. तो दाबला की बटन चालूच राहतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. काम चालू असताना लाईट गेली की ते तो खटका तसाच ठेवतात, मशीन खाली ठेवून देतात आणि बाहेर नीमाखाली जाऊन बसतात. लाईट आली की मशीन आपोआप गर्जते. "लाईट ऊनी का कयस," हे म्हणायचे. "बठ्ठा असंच करतस," सगळेच असं करतात म्हणे.

चष्मा लागल्यानंतर यांच्यात जरा सुधारणा झाली होती. त्या वर्षी चैत्रात हे लाईट गेल्यावर बटन बंद करायला लागले होते. माझ्या लक्षात आलं, कारण गच्चीवर मला आवाज यायचा बंद झाला. आणि मी, डोळ्यासाठी तीन उन्हाळे भांडलेली बाई, जिन्यातून खाली वाकून म्हणाले, "अहो, बटन राहू द्या ना चालू. आवाज आला की मी येऊन मोटर लावते. माझे गुडघे वाचतील."

हे म्हणाले, "बरं."

एवढंच. पापडाच्या पिठाचे हात होते माझे. अजून आठवतात.

आखाजी आठ दिवसांवर आली होती. शेडमध्ये तयार सांगाड्यांची रांग, रंगाचा वास, आणि बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा सावली सोडून हलेना. नळाचा दिवस होता. लाईट गेली. ग्राइंडर खाली खाली येत थांबला. मी गच्चीवर कुरडया घालत होते. पुष्कळ वेळ गेला. मग खालून ग्राइंडर गर्जला आणि मी आनंदाने उठले. खरंच आनंदाने. जिना उतरले, मोरीजवळचं मोटरचं बटन दाबलं. मोटर घुरघुरायला लागली. पाण्याचा पाईप थरथरला. छान.

आणि मग कळलं की ग्राइंडरचा आवाज चुकीचा होता. गर्जला होता, पण पत्र्यावर पडल्यावर येतो तो आवाज आलाच नव्हता. त्याऐवजी खडखड, मग लोखंडावर एक जोराचा ठण्, मग काही नाही. मी स्वयंपाकघरात पाहिलं. पंखा फिरत होता.

मी मोजलं नाही.

शेडमध्ये ग्राइंडर उलटा पडला होता आणि त्याच्यावरची चकती अर्धी नव्हती. हे एका उलट्या टाकीवर बसले होते, तळहात उजव्या डोळ्यावर. काय झालं ते एका नजरेत कळत होतं. हे बसले नव्हते नीमाखाली. लाईट नाही तोवर पुढच्या पत्र्यावर खुणा करून घ्याव्या म्हणून मशीनशेजारी ओणवे झाले होते. काम बंद, म्हणून चष्मा काढून घाम पुसायला घेतलेला. लाईट आली. मशीन जमिनीवर आपसूक उसळलं आणि स्टँडच्या लोखंडी अँगलच्या पायावर जाऊन आदळलं. गार्ड समोरच खिळ्याला. चष्मा यांच्या डाव्या हातात.

हिरामणभाऊ आवाज ऐकून माझ्या आधी धावत आले होते. पिन त्यांनीच उपटली होती. ते यांच्यासमोर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या उजव्या हातात कापूस गुंडाळलेली आगकाडी होती.

"वहिनी, भेऊ नका," ते म्हणाले. "हाऊ शे कन, माले दिखी ऱ्हायना. एक मिन्टनं काम शे."

आणि हे, ज्यांचा एक डोळा त्या काडीनंतर गेला होता, ते हात खाली घेऊन मान मागे टाकत होते. मुकाट्याने. डोळ्यातून पाण्याची धार लागलेली. दुखणं माणसाला किती भोळं करतं, ते मी त्या क्षणी पाहिलं. काडी आणि बुबुळ यांच्यात वीतभर अंतर असेल.

मी हिरामणभाऊंच्या हातावर फटका मारला. आयुष्यात मोठ्या माणसाच्या अंगावर हात टाकला तो तेवढाच. काडी उडाली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कुणी हात लावायचा नाही! हिरामणभाऊ, गाडी काढा!"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना त्या डाव्या डोळ्याचं सांगितलं. मग उठले आणि पळत गेले.

बाकड्यावर चहाचे कागदी कप होते. एक घेतला, उपडा करून डोळ्यावर धरला, कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकतील असा. आत काही टेकता कामा नये. गमछ्याच्या टोपीनेच तो बांधला. "चोळू नका. अजिबात चोळू नका," एवढंच बोलत होते मी. यांनी माझं मनगट पकडलं होतं, फार घट्ट.

"माले काही दिखत नही," हे म्हणाले. अगदी साध्या आवाजात, चहात साखर कमी आहे सांगावं तसं.

हिरामणभाऊंची मालवाहू रिक्षा, मागे एक न पोचवलेलं गेट, आणि त्या गेटाला पाठ लावून आम्ही दोघं. रस्त्यावर माणूस नाही. लोखंड इतकं तापलेलं की साडीतून चटका बसत होता. प्रत्येक खड्ड्याला मी कप सावरत होते आणि हिरामणभाऊ खड्डे इतके चुकवत होते, की रिक्षा नागमोडी चालली होती. मला एकच दिसत होतं, चालू राहिलेली मोटर. घरी मोटर चालू होती. टाकी भरून वाहत असणार. मी आधी मोटर लावली होती आणि मग शेडमध्ये गेले होते. आवाज ऐकून जिना उतरेपर्यंतची माझी खुशी मला आठवत होती.

डॉक्टर बाई तरुण होत्या. यांना यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं, फार वेळ बघितलं, फार वेळ काम केलं. मी दाराशी उभी. कण निघाला. खोल रुतला होता, पण बाहुलीच्या बाहेर. "तांदळाच्या कणीएवढं इकडे असतं तर अवघड होतं," त्या म्हणाल्या. "चोळला नाही, कुणी काढायला गेलं नाही, हे नशीब. पट्टी ठेवावी लागेल. उघडल्यावर किती दिसेल ते तेव्हाच सांगता येईल." मग पट्टी बांधता बांधता विचारलं, "चष्मा नव्हता का, काका?"

"व्हता."

"मग?"

"लाईट जायेल व्हती."

"लाईट गेली होती तर मशीन चालू कसं झालं?"

मी श्वास धरला. यांचा चेहरा पट्टीखाली. यांनी पट्टीची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "बटन बंद कराले इसरी गऊ."

डॉक्टर बाईंनी समजावलं. लाईट गेली की आधी बटन बंद, मग पिन बाहेर. चकती बदलायची असो की नुसतं शेजारी बसायचं असो. मशीन पूर्ण थांबून पिन हातात येईपर्यंत चष्मा काढायचा नाही. हे मान हलवत होते, शहाण्या मुलासारखे. मी दाराशी उभी होते आणि तोंड उघडलं नाही. शाळेत तीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून सांगणारी मी.

पट्टी चार दिवस होती. डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेड तेवढा कळायचा, बाकी यांना घर नव्हतं. माझ्या हातून जेवले. भिंत धरून मोरीपर्यंत गेले. पण मला आठवतं ते यांचं ऐकणं. खुर्चीत ताठ बसून ऐकायचे. पंखा मंद झाला की माझ्या आधी म्हणायचे, "लाईट गयी." शेडांच्या ओळीतली मशीनं एकेक करून थांबायची, आणि मग यांची मान हलायला लागायची, एका शेडकडून दुसऱ्या शेडकडे. लाईट आली की सगळी एकदम गर्जायची. ओळीत किती खटके चालू ठेवलेले होते, ते यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी हे एकदम उठून उभे राहिले. "हिरामणनी चकती थरथरी ऱ्हायनी. चिरायेल शे ती. जाय, त्याले सांग, फेकी दे म्हना."

"तुम्हाला इथून कसं कळतं?"

"कयस. जाय पटकन."

मी गेले. चकतीला खरंच केसाएवढी चीर होती. हिरामणभाऊंनी ती काढून दोन तुकडे केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊनी उघाडी का पट्टी?" त्यांच्या बाकड्यावर आगपेटी नव्हती. तिथे कागदी कपांची एक नवी रांग होती. आजही असते. आता ओळीत कुणाच्या डोळ्यात कण गेला की हिरामणभाऊ कप लावतात आणि रिक्षा काढतात.

त्या चार दिवसांत मी सांगायचं ठरवत होते. रोज ठरवायची. जेवताना सांगू, औषध घालताना सांगू. माझ्यामुळे झालं. तुम्ही बटन बंद करत होतात, मी चालू ठेवायला लावलं, वाहून जाणाऱ्या दोन बादल्या पाण्यासाठी. पण डोळा बांधलेल्या माणसाला ते सांगायचं म्हणजे आपलं ओझं त्याच्या उशाशी ठेवण्यासारखं. उघडल्यावर सांगू. आणि उघडल्यावर दिसलं नाही तर? तर कुठल्या तोंडाने सांगू?

पाचव्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली. डॉक्टर बाई म्हणाल्या, हळूहळू उघडा, घाई नाही. यांनी पापणी उचलली. डोळा लालभडक, पाण्याने भरलेला. तो इकडे तिकडे फिरला, भिंतीवर गेला, दिव्यावर गेला, मिटला. परत उघडला. माझ्यावर येऊन थांबला. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते.

"टिकली वाकडी शे तुनी," हे म्हणाले.

मी चार दिवस आरशात पाहिलंच नव्हतं. तिथेच, डॉक्टरांसमोर, मी हमसाहमशी रडले. "कसाले रडस?" हे विचारत राहिले. "सरकी कर, म्हंजे झायं."

डोळ्यावर एक धूसर ठिपका राहिला, दिव्याभोवती यांना अजून कडं दिसतं. पण खडूची रेघ दिसते. पेपर दिसतो. काम पंधरा दिवस बंद ठेवायचं होतं, आणि हे तसे गप्प बसणारे नव्हेत. आखाजीच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले तर गच्चीवरून ड्रिलचा आवाज. माझ्या पिशवीतल्या कैऱ्या जिन्यात सांडल्या. वर पोचले, तर हे कठड्यापाशी, डोळ्यावर चष्मा, डोक्याला टोपी. मला बघून ड्रिल थांबवलं, पिन काढली, मला दिसेल अशी वर धरली आणि मगच चष्मा कपाळावर सरकवला.

कठड्याच्या भिंतीवर एक लाल बल्ब बसवला होता. शेजारी मोटरचं नवं बटन.

"लाईट ऊनी का हाऊ लागी," हे म्हणाले. "तुनी मोटरकरता. आते मशीनना आवाजनं काही काम नही."

म्हणजे विसरले नव्हते. काहीच विसरले नव्हते. दवाखान्यात ज्या वेळी काही दिसत नव्हतं, पुढे दिसेल की नाही याचा पत्ता नव्हता, त्या वेळी माझी बाजू सांभाळायची हे यांना तेवढं दिसलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? मी म्हटलं होतं म्हणून तुम्ही बटन..."

"चहा ठेव," हे म्हणाले.

तेवढ्यावर तो विषय संपला. मी चहा ठेवला. त्यानंतर आमच्यात त्यावर बोलणं झालेलं नाही, आणि मी हे लिहिते आहे याची यांना कल्पना नाही. पेपरात आलंच तर वाचतील, उजव्या डोळ्याने, आणि चुका काढतील.

आत्ता मी गच्चीच्या जिन्यात सावलीला बसले आहे. गुडघे आता कसेही वाचत नाहीत, ती वेगळी गोष्ट. कुरडया कडकडीत वाळत आल्या आहेत. खाली ग्राइंडर चालू आहे, गार्ड लावलेला. कोपऱ्यांसाठी यांनी लहान चकतीचं दुसरं मशीन घेतलं. यंदा हे थोडे हळू काम करतात, आणि मधली शांतता लांबते. मी मोजते, अजून मोजते. ते काही सुटायचं नाही.

हा बघा, लाल बल्ब गेला. ग्राइंडरचा आवाज खाली खाली येतो आहे. थांबला. एक. दोन. टक्, हा खटका सुटला. तीन. चार. आता बोर्डातून पिन निघायला हवी. पाच. सहा. आज जरा वेळ लागतोय. सात.

"पिन काढी लिधी वं!" खालून हाक येते.

"हो!" मी वरून ओरडते. शेजारपाजारचे हसतात, म्हातारपणी यांना हे काय सुचलं म्हणून. हसू देत. मी हो म्हटल्याशिवाय हे चष्मा काढत नाहीत.